उरलेल्या पोळ्या, मोडलेली झोप आणि स्थौल्य: वारज्यातल्या एका रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मंदाताई २०२४ च्या जानेवारीत, संक्रांत उलटल्यावरच्या आठवड्यात पुण्यात माझ्या कर्वेनगरच्या आयुर्वेदिक दवाखान्यात आल्या. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. वय ४६, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ८८ किलो. वारज्यात त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. गुळपोळ्यांच्या ऑर्डरी संपल्या तेव्हा कुठे त्यांना स्वतःकडे बघायला वेळ मिळाला होता.

खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी मागणी सांगून टाकली. "मॅडम, एप्रिलमध्ये मुलाचं लग्न आहे. पंधरा किलो उतरवून द्या. पंचकर्म करा, उपास सांगा, काय वाट्टेल ते करीन."

याआधी त्यांनी खरोखरच बरंच काही केलं होतं. वर्षभर रोज सकाळी गरम पाण्यात मध-लिंबू घेतलं होतं. एका स्लिमिंग सेंटरमध्ये उद्वर्तनाचं (अंगाला औषधी चूर्ण चोळण्याचं) दहा दिवसांचं पॅकेज घेतलं होतं. मोबाइलवर जाहिरात बघून 'शंभर टक्के आयुर्वेदिक' कॅप्सूल मागवल्या होत्या. डबीवर घटकांची यादीच नव्हती. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी असे उपास धरले होते आणि ते साबुदाण्यावर पार पडत होते. प्रत्येक वेळी दोन-तीन किलो उतरायचे आणि पुढच्या दोन महिन्यांत चार चढायचे.

तपासण्या अशा होत्या: कमरेचा घेर १०८ सेंटिमीटर, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) ३७.१, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२, हिमोग्लोबिन १०.१, एसजीपीटी (यकृताला त्रास असला की वाढणारं) ७८, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. थायरॉइडसाठी थायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू होती आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) ३.९ होतं. गुडघे दुखत होते, पाळीच्या वेळी रक्तस्राव जास्त होत होता. आई आणि थोरली बहीण दोघींना मधुमेह.

अडचण नेमकी कुठे होती

माझ्याकडे येणारे बहुतेक स्थूल रुग्ण आधीच अपराधी वाटून घेऊन येतात. मंदाताईही म्हणाल्या, "तोंडावर ताबा नाही हो माझा." हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे आणि ते मला दर वेळी बोचतं, कारण आमच्या शास्त्रानं स्थूल माणसाच्या भुकेकडे असं पाहिलेलंच नाही.

चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथातल्या सूत्रस्थानाचा २१ वा अध्याय 'अष्टौनिन्दितीय'. त्यात अतिस्थूलाचे आठ दोष सांगितले आहेत: आयुष्य घटणं, हालचाली मंदावणं, मैथुनात कष्ट, दुर्बलता, अंगाला दुर्गंधी, घामाचा त्रास, अतिशय भूक आणि अतिशय तहान. भूक इथे रोगाच्या लक्षणांमध्ये बसली आहे. कारणही दिलं आहे. मेदानं मार्ग अडतात, म्हणून वायू कोठ्यातच (पोटातच) अधिक फिरतो, अग्नीला फुंकर घालतो, खाल्लेलं लवकर पचतं आणि माणूस पुन्हा खायला मागतो. वणवा जसा वन जाळतो तसे हे अग्नी आणि वायू स्थूलाला जाळतात, अशी उपमा आहे. जेवणाची वेळ टळली तर भयंकर विकार होतात, असंही तिथेच म्हटलं आहे. मंदाताईंना हे वाचून दाखवलं तेव्हा त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे हे सगळ्यांनाच होतं?"

आनुवंशिकतेचा धागाही होता. स्थौल्याच्या, म्हणजे लठ्ठपणाच्या, कारणांमध्ये चरकानं गोड, जड, स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप, निश्चिंतपणा यांच्याबरोबर 'बीजस्वभाव' धरला आहे. आपल्या पुण्यातच केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराच्या या स्वभावावर दीर्घकाळ काम केलं. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं कमी भरली, तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानानं टिकून होती. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी स्वतःची आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना छापली. दोघांचा बीएमआय २२.३, पण सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडे लठ्ठपणाची रेषा २५ बीएमआयला आणि बायकांच्या कमरेची ८० सेंटिमीटरला ओढतात, ती यामुळेच.

एवढं कळलं तरी ताईंच्या दिवसात काय घडतं ते कागदावरून कळत नव्हतं. म्हणून एका सकाळी साडेपाचला मी त्यांच्या केंद्रावर जाऊन बसले.

पहाटे चारला उठणं, दोन चमचे साखरेचा चहा, सोबत खारी. मग अडीचशे पोळ्या. दर भाजीची चव बघायची, म्हणजे पाच-सहा वेळा चमचा तोंडात. अकराला उभ्या उभ्या एक पोळी. डबे गेले की दुपारी तीनला उरलेला भात-आमटी, मग दोन तास झोप. संध्याकाळी पुन्हा ओटा. रात्री दहाला जे उरलं असेल ते. त्या दिवशी सात पोळ्या उरल्या होत्या. नवरा दोन खाऊन उठला. बाकीच्या? "टाकायच्या कशा? अन्न आहे ते."

त्यांची रात्रीची भूक, रोजची काटकसर आणि अन्न वाया जाऊ न देण्याचा संस्कार हे तिन्ही एकाच ताटात येत होतं. हे मला दवाखान्यात बसून कधीच दिसलं नसतं.

समोर असलेले मार्ग

*लंघन, म्हणजे उपास.* ताईंना हेच हवं होतं. वाग्भट या आयुर्वेदाच्या ग्रंथकारानं मात्र स्पष्ट म्हटलं आहे: 'न हि स्थूलस्य भेषजम्', स्थूलाला औषध नाही. कारण बृंहण (शरीराचं पोषण) केलं तर मेद वाढतो आणि लंघन केलं तर आधीच भडकलेले अग्नी आणि वायू आणखी भडकतात. यातून चरकानं काढलेली वाट 'गुरु चातर्पणं चेष्टं स्थूलानां कर्शनं प्रति' अशी आहे. पोटाला जड असावं, पचायला वेळ घ्यावा, पण शरीराची भर करू नये. जव, वरी, कोद्रव, मूग, कुळीथ ही त्यानं दिलेली उदाहरणं. उपासाच्या साबुदाण्यात यातलं काहीच नाही.

*वमन किंवा विरेचन, म्हणजे औषधानं उलटी किंवा जुलाब.* हिमोग्लोबिन १०.१, पहाटे चारची कामाची वेळ, तोंडावर लग्न. विरेचनात वजन चटकन उतरलेलं दिसलं असतं आणि ताई खूश झाल्या असत्या. त्यातला बराच भाग पाण्याचा असतो, हे मला माहीत असताना ते करणं मला पटलं नाही. लेखन बस्तीचा (मेद घटवणाऱ्या औषधी एनिमाचा) विचार केला, पण त्यासाठी रोज यायला त्यांना वेळ नव्हता.

*उद्वर्तन.* ग्रंथांत त्याला मेद विरघळवणारं म्हटलं आहे. पण बाहेरून चोळल्यानं पोटातली, यकृतावरची चरबी जाते असा माझा अनुभव नाही आणि तसं सांगून पैसे घेणं योग्य नाही. त्वचेच्या घड्यांमधला घाम आणि खाज यासाठी मात्र कुळथाचं पीठ आणि त्रिफळा चूर्ण घरच्या घरी लावायला सांगितलं. त्याचा उपयोग झाला.

*कॅप्सूल आणि काढे.* कॅप्सूल त्याच दिवशी बंद केल्या. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचं नाव आहे. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणं हाच गुन्हा ठरतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. कोविडपासून त्या गुळवेलीचा काढाही घेत होत्या. चरकानं स्थौल्यात गुळवेल सांगितली आहे, तरीही मी ती थांबवली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद केली होती. वनस्पतीची ओळख पटवलेली नव्हती, असा आक्षेप आयुष मंत्रालयानं घेतला. वाद काहीही असो, एसजीपीटी ७८ असताना मी ती जोखीम घेणार नव्हते.

गुग्गुळाचाही मी बराच विचार केला. मेदावर आमचं ते पहिलं हत्यार समजतात. पण २००३ मध्ये अमेरिकेत झालेल्या नियंत्रित चाचणीत गुग्गुळाच्या अर्कानं एलडीएल (घातक कोलेस्टेरॉल) उतरलं नाही, उलट किंचित वाढलं, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. थायरॉइडवरही त्याचा परिणाम होतो, आणि ताई थायरॉक्सिनवर होत्या. म्हणून गुग्गुळ दिला नाही.

*शस्त्रक्रिया.* मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि ३७ च्या पुढे बीएमआय असताना हा पर्याय सांगणं माझं काम होतं. मी सांगितला आणि त्यांच्या फिजिशियनशी बोलायला लावलं. ताईंनी नको म्हटलं. आपण काही मागणार आणि वैद्य शस्त्रक्रियेचं बोलणार, याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

काय केलं

पहिल्या टप्प्यात जेवणाच्या वेळा बांधल्या. सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी साडेसात. तिन्ही वेळा बसून. सकाळी मुगाचं धिरडं किंवा उसळ. दुपारी भाकरी. नुसत्या जवाची भाकरी थापताना चिरते, म्हणून ज्वारी दोन भाग आणि जव एक भाग असं पीठ भुसार दुकानातून दळून आणायला सांगितलं. संध्याकाळी कुळथाचं पिठलं, दुधी-पडवळ-कारलं यांपैकी एखादी भाजी, लोणी काढलेलं ताक सुंठ घालून. चव बघायचं काम मदतनीस मुलीकडे गेलं. ताईंना ते अवघड गेलं. "तिच्या हातचं मीठ मला पटत नाही" हे मी दोन महिने ऐकलं.

गरम पाण्यातला मध बंद केला. तापवलेला मध आमच्या शास्त्रात अपथ्य आहे, आणि पुण्यात तर घराघरांत 'आयुर्वेद' म्हणून नेमकं तेच प्यायलं जातं. स्थौल्यात मध सांगितला आहे हे खरं, पण एचबीए१सी ६.२ असताना औषधाबरोबर घेण्यापुरताच ठेवला.

औषधं मोजकी होती: रात्री त्रिफळा चूर्ण, आणि स्थौल्याबरोबर पांडू (रक्ताची कमतरता) असल्यानं नवायस लोह. त्रिकटू, त्रिफळा, मुस्ता, विडंग, चित्रक ही नऊ द्रव्यं आणि तेवढंच लोहभस्म. विश्वासाच्या औषधशाळेचं, मोजून, ठरावीक मुदतीपुरतं.

व्यायामाला ताई रोज पर्वतीची टेकडी चढायला निघाल्या होत्या, नवसच बोलल्या होत्या. गुडघे बघता मी अडवलं. आमच्याकडे व्यायाम अर्ध्या शक्तीनं करायचा नियम आहे. कपाळावर, काखेत घाम आला, तोंडाला कोरड पडली की थांबायचं. प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं गल्लीतून सपाटीवर चालणं, एवढ्यावर सुरुवात केली.

राहिलेल्या पोळ्यांचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते त्यांच्या मुलानं काढलं. रात्री साडेआठनंतर उरलेल्या पोळ्या निम्म्या दरात, आणि नऊनंतर सोसायट्यांच्या वॉचमनांना. गल्लीतल्या वसतिगृहातल्या मुलींना हे कळल्यावर उरायचंच बंद झालं. पूर्ण उपचारांत सर्वांत मोठा फरक बहुधा याच गोष्टीनं पडला असावा.

दुपारची झोप: माझा चुकलेला निर्णय

ग्रंथात दिवास्वप्न, म्हणजे दिवसा झोपणं, हे मेद वाढवणारं आणि जागरण मेद घटवणारं आहे. मी दुपारची झोप पहिल्याच दिवशी बंद केली. दहा दिवसांनी ताई रडवेल्या होऊन आल्या. संध्याकाळी सात वाजता काही सुचत नव्हतं, ओट्याशी उभ्या राहून एका दमात चार पोळ्या तूप-साखर लावून खाल्ल्या होत्या. वजन अर्धा किलो वाढलं होतं.

मी हिशेब मांडला. रात्री अकराला झोप, पहाटे चारला उठणं: पाच तास. त्यातही दुपार काढून घेतलेली. झोप कमी झाली की भूक वाढते, हे आज पक्कं ठाऊक आहे. मग विचारलं, रात्री झोप शांत लागते का? नवरा सोबत होता. ते म्हणाले, "घोरते हो खूप. आणि मधेच बंद होतं. मी हलवतो तिला."

हे पहिल्या भेटीत मी विचारलंच नव्हतं. स्लीप स्टडीत तासाला सरासरी ३४ वेळा श्वास अडत असल्याचं दिसलं. ३० च्या पुढे ते तीव्र धरतात. छातीरोगतज्ज्ञांनी सीपॅप यंत्र सुरू केलं; ते झोपेत हवेच्या दाबानं श्वासमार्ग उघडा ठेवतं. दुपारी अर्ध्या तासाची, खुर्चीत बसून डुलकी मी परत दिली.

यावर मी बराच विचार केला. चरकानं जागरण सांगितलं ते सुखवस्तू, निश्चिंत, दिवसभर लोळणाऱ्या माणसासाठी. कारणांच्या यादीत 'हर्षनित्यत्व' (सतत मजेत असणं) आणि 'अचिंतन' (कसलीच चिंता नसणं) आहेतच. पहाटे चारला अडीचशे पोळ्या लाटायला उठणाऱ्या बाईला त्या यादीत बसवणं ही माझी चूक होती. आणि जागरण, व्यायाम, चिंतन वाढवायला सांगतानाही त्या श्लोकात 'क्रमेण', म्हणजे हळूहळू, असं आहे. तो शब्द मी वाचला होता, पाळला नव्हता.

टीएसएच का वाढलं

सातव्या आठवड्यात टीएसएच ८.६ आलं. फिजिशियननी डोस वाढवायची तयारी केली होती. त्याआधी ताईंना विचारलं, गोळी नेमकी कशी घेता? पहाटे चहाबरोबर गोळी, आणि लगेच माझं नवायस लोह, "म्हणजे विसरायला नको." लोह थायरॉक्सिनला आतड्यात शोषू देत नाही; दोन्हींत किमान चार तासांचं अंतर लागतं. ते अंतर मी चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, अर्ध्या-पाऊण तासानं चहा, आणि लोह दुपारच्या जेवणानंतर, असं बदललं. दोन महिन्यांनी टीएसएच ३.४ वर आलं, डोस तोच राहिला.

परिणाम

लग्नाच्या दिवशी वजन ८३.४ किलो होतं. पंधराऐवजी साडेचार. ताई आधी नाराज होत्या, पण सूनमुख बघायला जिना चढताना धाप लागली नाही, हे त्यांनीच येऊन सांगितलं.

जानेवारी २०२५ मध्ये, वर्ष पुरं झालं तेव्हा वजन ७८.६, कमर ९८ सेंटिमीटर, एचबीए१सी ५.८, एसजीपीटी ३९, हिमोग्लोबिन ११.९. यातलं किती आहारामुळे, किती सीपॅपमुळे आणि किती औषधांमुळे, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. मला विचाराल तर औषधांचा वाटा तिन्हींत सर्वांत लहान.

जुलै २०२५ मध्ये वजन ७९.८ झालं. पावसाळ्यात सर्दीमुळे सहा आठवडे सीपॅप यंत्र लावलं नव्हतं आणि संध्याकाळची भूक परत आली होती. बीएमआय अजून ३३ च्या पुढे आहे, म्हणजे आजार गेलेला नाही. त्याच वर्षी टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. फिजिशियननी त्याबद्दल ताईंशी बोलणं केलं आहे. मी विरोध केलेला नाही. त्यांनी अजून ठरवलेलं नाही. खर्च हे एक कारण आहे, आणि "आधी यंत्र नीट लावून बघते" हे दुसरं.

आज हेच प्रकरण आलं तर

झोपेची चौकशी वजनाच्या काट्याच्या आधी करीन. आहार लिहून देण्यापूर्वी रुग्णाच्या स्वयंपाकघरात एकदा तरी जाईन, निदान घरच्या माणसाला दवाखान्यात बोलावीन. लोहयुक्त कल्प देताना दुसऱ्या गोळ्यांच्या वेळा चिठ्ठीवर ठळक लिहीन. लग्नाची तारीख उपचाराचं लक्ष्य होऊ देणार नाही. पहिल्या दिवशी मी "बघू या" म्हणाले होते. तेव्हाच साफ सांगितलं असतं तर ताईंचे तीन महिने रोज काट्यावर उभं राहण्यात गेले नसते.

दवाखान्यातल्या पहिल्या भेटीच्या फॉर्मवर आता तीन नवे प्रश्न आहेत. रात्री घोरता का, श्वास थांबतो असं कुणी सांगितलंय का? सकाळची पहिली गोळी किती वाजता आणि कशाबरोबर घेता? आणि घरात उरलेलं अन्न कोण संपवतं? तिसरा प्रश्न मंदाताईंनी सुचवला. बायकांच्या फॉर्मवर तो सर्वांत वर छापा, असंही सांगितलं. तसाच छापला आहे.